गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही

...नाही पण मला एक सांगा, गाडी स्वतःच्या मनाने थांबते म्हणजे काय? म्हणजे मी ब्रेक मारलेला नाही, पाय माझा इथे, ब्रेक तिथे, दोघांची गाठभेट नाही, मागे बेस्टची बस, बाजूला पाण्याचा टँकर, आणि ही बया भर लालबागमध्ये... खाट्कन थांबली! काळीज पुढे गेलं, मी मागे राहिलो! तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून माझा उजवा पाय झोपेतसुद्धा हलतो, आमची ही, सुचित्रा, ती मला हलवून विचारते, "अहो, अंथरुणात कुणाला ब्रेक मारताय?" आता काय सांगू तिला? पण गाडी चांगली आहे हां! गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही. कंपनीचं नाव घेत नाही, एक तर गाडी अजून वॉरंटीत आहे, आणि दुसरं म्हणजे ह्या गाडीला नाव ठेवलेलं न खपणारा आमचा शेजारी रघु... रघु नाही ना आलेला इथे? बघा जरा मागच्या रांगेत, आडवा माणूस, कपाळाला गंध, दंड माझ्या मांडीएवढे... नाही ना? नक्की? मग सांगतो. पण हळू सांगतो.

सुरुवात मेव्हण्यापासून करू या. सगळ्या दुखण्यांची सुरुवात मेव्हण्यापासूनच होते. माझा मेव्हणा अभय, दादरला हिंदू कॉलनीत राहतो, आणि त्याच्याकडे जर्मन आहे. गाडी नाही हो, जर्मन! 'गाडी' हा शब्दच त्याच्या तोंडात नाही. आमच्याकडे काळाचौकीला आला की दारातून पहिलं वाक्य, "लवू, जर्मन खाली लावलीये, जरा बघ हं, तुमच्याकडे पोरं क्रिकेट खेळतात." अरे, बहिणीला विचार कशी आहे, भाच्यांना विचार, माझी आई समोर बसलीये तिच्या पाया पड! नाही. मला हाताला धरून खाली नेणार, दार उघडणार, लावणार, ठप्प! "ऐकलास आवाज? ह्याला म्हणतात दार. बाकीच्यांची दारं म्हणजे पत्र्याचे डबे रे." आणि मी तिथे उभा राहून त्या दाराचं कौतुक करायचं! म्हणजे घर माझं, चहा माझा, आणि दार ह्याचं!

बरं, एकट्या मेव्हण्याचं सोडा. आमची चाळ होती तोवर माणसाची किंमत त्याच्या घरातून येणाऱ्या वासावरून ठरायची. आज ह्यांच्याकडे सुरमई, आज त्यांच्याकडे बांगडा, आज त्यांच्याकडे नुसतं पिठलं, म्हणजे ह्यांचं काहीतरी बिनसलंय. सगळं उघड! मग चाळीचा टॉवर झाला. दारं लागली, वास कोंडले, मग किंमत ठरवायची कशावरून? तर खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या नाकावरच्या बिल्ल्यावरून! जर्मनवाला जपानीवाल्याशी लिफ्टमध्ये बोलणार, जपानीवाला कोरियनवाल्याकडे बघून नुसती मान हलवणार, कोरियनवाला देशीवाल्याला म्हणणार "चांगलीये रे, दणकट असतात", आणि ज्याच्याकडे गाडीच नाही तो जिन्याने जाणार. मी जिन्याने जात होतो. आणि एके दिवशी ठरवलं की बस्स, आपणही गाडी घ्यायची!

पण कुठली घ्यायची? आता माणूस काय करतो? मोबाइल उघडतो. तुम्हाला सांगतो, दोन वर्षं मी जेवताना, झोपताना, दाढी करताना गाड्यांचे रिव्ह्यू बघितले. एक हातमोजे घालणारा होता, "हेल्लो गाइज, व्हॉट अ बीस्ट!" ते मोजे कशाला घातले होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, भांडी घासून आला होता की काय! एक पुण्याचे होते, शांत, "नमस्कार. आज आपण या वाहनाच्या मागील आसनाची सोय पाहणार आहोत," आणि त्या आसनावर बसून ते इतके हळू बोलायचे की मी तिथेच घोरायला लागायचो. आणि एक होता टकटक्या! गाडीत शिरला की डॅशबोर्डवर बोटाने टकटक. "टक् टक्... हार्ड प्लास्टिक! टक् टक्... सॉफ्ट टच!" ती सवय मला लागली हो! घरात मिक्सरवर टकटक, डॉक्टरांच्या टेबलावर टकटक, एका साखरपुड्यात मुलाकडच्यांनी दिलेल्या ताटावर टकटक केली आणि तोंडातून निघून गेलं, "हार्ड प्लास्टिक." सुचित्राने मला तिथून दंडाला धरून बाहेर काढला.

आणि मग मला दीपेश सापडला! हातमोजे नाहीत, इंग्रजी नाही, आपला नायगावचा, बीडीडी चाळीतला पोरगा. "मंडळी, आपला दीपेश सांगतोय... डोळे झाकून घ्या!" आपला माणूस! आणि आपला माणूस खोटं कशाला बोलेल? हे वाक्य आपण आयुष्यात किती वेळा बोललोय? आणि दर वेळी कसे तोंडावर पडलोय? पण आपण सुधारतो का? तर ह्या दीपेशने ती गाडी दाखवली. पुढे कोणी आडवं आलं तर स्वतःच ब्रेक मारणारी! रिकामा हायवे, समोर ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं, ह्याने दोन्ही पाय सीटवर मांडी घालून घेतलेत, गाडी सुसाट, आणि खोक्याच्या अलीकडे बरोब्बर थांबली! "बघा मंडळी, तुम्ही चुकाल, गाडी चुकणार नाही!" मी डोळे झाकले आणि घेतली.

घेतली ती घेतली, वर गप्प बसलो असतो तर आज असा घामाने भिजलो नसतो. पण नाही! दोन वर्षांचं ज्ञान पोटात मावेना. लिफ्टमध्ये कोणी सहज विचारलं "गाडी कशी आहे?" की मी तळमजल्यापासून सुरू व्हायचो ते त्यांच्या मजल्यावर उतरून त्यांच्या दारापर्यंत! एअरबॅगा किती, सुरक्षेचे तारे किती, टकटक कशी... आणि लोक ऐकायला लागले हो! आमच्या मजल्यावरचा रघु, मंडळाचा कार्यकर्ता, विसर्जनाला गर्दीचा दोर एकटा धरून उभा राहतो असा माणूस, तो ऐकायला लागला! त्याचे वडील हरेश्वरकाका, भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या लिलावात उभी हयात गेली, एके काळी त्यांनी बोली लावली की समुद्र गप्प बसायचा म्हणतात. आता दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा परळला डायलिसिस. टॅक्सीवाला जवळचं भाडं म्हणून नाही म्हणतो, परत येताना काकांना उभं राहवत नाही, रघु त्यांना फुटपाथवर कमरेला धरून उभा असतो आणि हात करतो, हात करतो, कोणी थांबत नाही. मी स्वतः बघितलंय. तर हा रघु माझ्याकडे आला, माझा हात हातात घेतला, म्हणजे माझा हात दिसेनासाच झाला, आणि म्हणाला, "लवू, बाबांसाठी घेतोय. तू सांगितलंस ना, मग विषय संपला. सेम गाडी बुक केली. दिवाळीच्या पाडव्याला येतेय." तेव्हा माझी छाती अशी फुगली होती! पण पुढे तेच वाक्य आठवलं की मी लिफ्ट सोडून जिना धरायचो.

कारण मधे दसरा आला.

दसऱ्याला गाडीची पूजा. आणि आमच्या घरात पूजा म्हणजे माझी आई सुभद्रा. ऐंशीच्या पुढे आहे, पण सकाळीच खाली उतरली, हातात तबक, आणि मागे सुचित्रा झेंडूचा हार घेऊन. हार म्हणजे केवढा? आईने दादरच्या फुलवालीला सांगितलं होतं, "गाडयेक घालूचो असा, उंदराक नाय." गाडीच्या छातीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे आंब्याच्या डहाळ्या, खाली लोंबता गोंडा! मग आईने कुंकू कालवलं आणि म्हणाली, "गाडयेचा कपाळ खय?" मीच दाखवलं हो! मीच! काचेवर वर, आरशाच्या बरोबर पुढे. तिने तिथे हा एवढा स्वस्तिक काढला. आणि मग गाऱ्हाणं! पदर डोक्यावर, हात जोडलेले, "बा देवा म्हाराजा! ह्यो माझो झील लवू आज नवी गाडी घेवन तुझ्या पायाकडे उभो असा! हेका कोणाची नजर लागान देव नको! आणि वाटेत कोण आडवो-तिडवो इलो, तर माझ्या झिलाक समजाच्या आधी तूच गाडी थांबव रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने मी.

तुम्हाला सांगतो, देवाने इतक्या तातडीने ऐकलेलं गाऱ्हाणं मी आयुष्यात बघितलं नाही.

निघायचं होतं दादरला, अभयकडे, सोनं द्यायला. आणि इतक्यात रघु, "लवू, आज टॅक्सी नाय मिळत, बाबांना वाटेत परळला सोड ना. त्यांना पण गाडी कळेल." नाही कसं म्हणणार? पुढे आई, मागे सुचित्रा, मधे हरेश्वरकाका, कडेला रघु. चावी फिरवली आणि गाडी बोंबलायला लागली. पीप पीप पीप पीप पीप! रघु म्हणाला, "काय रे?" मी म्हटलं, "काय नाय, खूश झालीये." आता तिच्या दृष्टीने बघा ना, तिच्या छातीला कोणीतरी चिकटून उभं आहे! गेटातून बाहेर पडलो, पीप पीप, काळाचौकीच्या नाक्यावर पीप पीप, लोक बाजूला होऊन बघतायत, कोणाला वाटलं आत पेशंट आहे. तसा होताही!

आणि लालबागला आलो. पुलाखालून, जरा रस्ता मोकळा मिळाला, म्हणून मी किंचित वेग घेतला, वारा लागला, हाराचं एक टोक सुटलं, आणि तो लोंबता गोंडा गाडीच्या नाकासमोर असा फडफडला... खाट्कन!

आई पुढे, पट्टा होता म्हणून बरी. मागून बेस्टच्या बसचा भोंगा माझ्या मानेवर. टँकरवाल्याने माझ्या सगळ्या पूर्वजांची चौकशी केली. माझे हात स्टिअरिंगला चिकटले ते चिकटले, आरशात बघितलं तर हरेश्वरकाका... ज्या हातात डायलिसिसची सुई टोचतात ना, तो हात त्यांनी दुसऱ्या हाताने छातीशी गच्च धरला होता. पांढरे पडले होते. बोलले काहीच नाहीत. तो हात मला अजून दिसतो. रघु ओरडला, "काय झालं? काय झालं?" आणि माझ्या तोंडातून काय निघावं? "कुत्रा! कुत्रा होता पुढे!"

"कुठे आहे कुत्रा?"

"गेला. छोटा होता."

आणि आई! आईचे डोळे मिटलेले, हात जोडलेले, "पावलो! म्हाराजा, पावलो!"

पुढे भारतमाता थिएटरच्या सिग्नलला परत खाट्कन. परत रघु, "आता काय?" मी म्हटलं, "दुसरा कुत्रा." परळ नाक्याच्या अलीकडे तिसऱ्यांदा. आता लालबाग-परळमध्ये कुत्रे आहेत, मान्य, पण सगळे माझ्याच गाडीखाली जीव द्यायला निघालेत? म्हणून म्हटलं, "फीचर आहे रघु! गाडी अंदाज घेते!" आणि रघुचा चेहरा असा उजळला, "आयला! बाबा, बघितलंत? आपल्या गाडीत पण येणार हे!" आणि तेवढ्यात समोरच्या पडद्यावर लाल अक्षरात इंग्रजीत आलं, पुढचा सेन्सर झाकलेला आहे, कॅमेरा झाकलेला आहे, साफ करा. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कपाळ म्हणून मी आईला दाखवलं तो गाडीचा डोळा होता! त्यात आम्ही कुंकू भरलं होतं आणि नाकाला हार बांधला होता! रघु मागून विचारतोय, "काय लिहिलंय रे?" मी म्हटलं, "दसऱ्याच्या शुभेच्छा देतेय."

आता तुम्ही म्हणाल, उतरायचं आणि हार काढायचा. सोपं आहे! मी गाडी कडेला घेतली आणि नुसतं दाराला हात लावला, तर आई, "खय चललस?" म्हटलं, "हार जरा सैल झालाय, काढून ठेवतो." "दसऱ्याच्या दिवशी नव्या गाडयेचो हार काढतलस? जेणा आताच तुका तीनदा वाचवल्यान तेचो?" आईचा तो डोळा तुम्ही बघितलेला नाही. दार लावलं, तेही हळूच. पुढे गाडीची भीती, शेजारी आईची भीती, मागे रघुची भीती, आणि आरशात हरेश्वरकाकांचा तो हात. बैलगाडीच्या चालीने परळ गाठलं. काका उतरले, दाराला धरून दोन मिनिटं उभे राहिले, माझ्याकडे बघितलं आणि नुसतं म्हणाले, "हळू जा हो, लवू." आणि तरी, गाडी चांगली आहे हां! गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही.

दादरला अभय खाली आला. गाडीभोवती एक फेरी मारली, आत वाकला, डॅशबोर्डवर टक् टक्. "हार्ड प्लास्टिक." मी म्हटलं, "हो रे." मग हाराकडे बघून म्हणतो, "आम्ही जर्मनला हार नाही घालत. एक फूल वाहतो, चाकाजवळ. बस." मला तेव्हा वाटलं, काय माज आहे! देवापुढेसुद्धा माज! आता विचार करतो तेव्हा वाटतं, ह्याच्याही जर्मनने ह्याला कुठल्या तरी नाक्यावर असंच तोंडघशी पाडलं असणार. पण तो सांगेल? मेला तरी सांगणार नाही. त्याला सांगता येत नाही म्हणून मी शिकलो नाही, आणि मला सांगता येत नव्हतं म्हणून रघु शिकणार नव्हता!

घरी आल्यावर मी दीपेशला लिहिलं. व्हिडिओखाली लिहिलं, मेसेज केला, 'मी काळाचौकीचा, तुझ्यावर विश्वास ठेवून घेतली, बोलायचंय.' आणि पोराचा फोन आला हो! त्याबाबतीत चांगला आहे. मी सगळं सांगितलं, हार, कुंकू, कुत्रे. तो म्हणाला, "काका, सॉरी. पण आम्हाला गाडी देतात ती रिकाम्या हायवेवर, सकाळच्या सकाळी, बाजूला कंपनीच्या मॅडम बसलेल्या असतात. हार घालून नाही देत हो कोणी." म्हटलं, "मग डोळे झाकून घ्या कशाला म्हणतोस?" तर म्हणाला, "काका, डोळे उघडून बोललो तर पुढच्या गाडीला बोलावत नाहीत. मला पण भीती वाटते ना." मी म्हटलं, "तू स्वतः कुठली चालवतोस?" "माझ्याकडे नाहीये गाडी. आईला गाडी लागते." आणि मग हळूच विचारलंन, "काका, तुमच्या त्या शेजाऱ्यांना सांगितलंत का तुम्ही?"

मी फोन कट केला. आवाज येत नाही म्हणालो आणि कट केला.

कारण सांगू काय रघुला? कुत्रा नव्हता? मी खोटं बोललो? मी, टॉवरमधला एअरबॅगांचा शंकराचार्य, मला काय माहीत नव्हतं की डोळा कुठे आहे? रघु कोणाला मारत नाही, पण मारलं तर काय होईल ते त्याच्याकडे बघून कळतं. दसरा ते पाडवा मी जिन्याने गेलो. गाडी असून जिन्याने! लिफ्टमध्ये रघु भेटला तर? भेटलाच एकदा, जिन्यात. "लवू, हार सांगितलाय! मंडळाचा फुलवाला बनवतोय, तुझ्याच्या डबल!" मी म्हटलं, "वा!" आणि रेलिंग धरून खाली बसलो.

पाडवा उजाडला. खाली सगळा टॉवर जमलेला. रघुची गाडी सेम माझी, पण टॉप मॉडेल, छताला काच. आणि तिच्या छातीवर हार... हार कसला, बाप्पाच्या आगमनाला घालतात तसला, दोघांनी उचलून आणला! राधावहिनींनी, म्हणजे रघुच्या बायकोने, कुंकवाची वाटी घेतलेली, आणि माझी आई शेजारी उभी राहून तिला सांगतेय, "कपाळ वर असा गो, आरशाकडे, लवूक विचार." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले! रघु म्हणाला, "लवू, तू पुढे बस, तुला फीचर माहितीयेत. बाबांना घेऊन पहिली फेरी थेट हॉस्पिटल." हरेश्वरकाका स्वच्छ सदरा घालून मागच्या दारापाशी उभे. आणि त्यांनी नकळत, आत बसायच्या आधीच, तो हात छातीशी धरला.

मला गाडीची भीती, रघुची भीती, आईची भीती, हे सगळं होतंच. पण त्या हाताकडे बघितलं आणि त्याहून मोठी भीती वाटली. उद्या काही झालं तर ह्या माणसाच्या घरासमोरून मी कसा जाऊ? जिन्यानेसुद्धा कसा जाऊ?

"रघु," मी म्हटलं, "कुत्रा नव्हता."

"काय?"

"दसऱ्याला. एकही कुत्रा नव्हता. हार होता." आणि मग थांबलोच नाही, सगळं, गोंडा, कुंकू, लाल अक्षरं, दीपेश, दीपेशची आई, सगळं भडाभडा. संपलं तेव्हा मी डोळे मिटले. आता बसणार! आणि रघु काय म्हणाला असेल? सांगा ना, काय म्हणाला असेल?

"लवू... माझ्या गाडीला काच आहे म्हणून?"

म्हटलं, "काय?"

"तुझ्याकडे काच नाय, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय? सणासुदीला?" वहिनींनी तोंड फिरवलं. मागून कोणीतरी म्हणालं, "टॉप मॉडेल सहन होत नाही लोकांना." माझी आई! माझी सख्खी आई म्हणाली, "देवान थांबवल्यान गाडी, आणि ह्यो हाराक नावां ठेवता!" मी खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा खरा रिव्ह्यू दिला तर मी जळका!

तेव्हा हरेश्वरकाका बोलले. हळूच. "खरं बोलतोय तो. मी बघितला होता हार उडताना."

रघु म्हणाला, "मग बोललात का नाही, बाबा?"

"हा एवढा घाबरला होता. त्याला अजून काय घाबरवायचा?" आणि मग ते गाडीच्या पुढे गेले, हारावर हात ठेवला आणि म्हणाले, "काढा हा. माझ्या गळ्यात घाला."

"बाबा!" रघु किंचाळला. एवढा मोठा माणूस, आवाज फाटला त्याचा. "काय बोलताय? जिवंतपणी हार?"

"मग कधी? नंतर मला वास येणार आहे काय फुलांचा?" आणि हसले. "गाडीचा हार काढून खाली ठेवायचा नाही ना सुभद्रावहिनी? मग माणसाच्या गळ्यात घातलेला चालतो की नाही?" आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "चलता."

हार रघुनेच काढला. बापाच्या गळ्यात घालताना त्याचे ते मांडीएवढे दंडही पुरेनात, हार इतका मोठा की दोन पदर करून घालावा लागला. कुंकू गाडीच्या चाकाला लावलं. मी पुढे बसलो, पाय आखडून, डोळे अर्धे मिटून, लालबाग आलं, पूल आला, भारतमाता आलं... काही नाही. एकदाही थांबली नाही. मागे हरेश्वरकाका त्या झेंडूत गळ्यापर्यंत बुडालेले, काचेच्या छतातून वर आकाश बघत बसले होते, आणि दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवले होते. हॉस्पिटलच्या वॉचमनने त्यांना सलाम ठोकला, त्याला वाटलं कोणीतरी निवडून आलंय.

सगळं गोड झालं म्हणताय? होय, रघुपुरतं गोड झालं. पण माझ्या आईने त्यातून नियम काढला ना! हार गाडीला नाही तर गाडीवाल्याला! संक्रांत असो, गुढीपाडवा असो, चतुर्थी असो, माझ्या गळ्यात झेंडूचा हार आणि कपाळावर गाडीच्या वाटणीचा स्वस्तिक, असा मी गाडी चालवतो. परवा परळच्या सिग्नलला बाजूच्या टॅक्सीवाल्याने काच खाली करून मला बघितलं, मग गाडीला बघितलं, आणि अगदी आपुलकीने विचारलं, "क्या साब, रिटायर हो गये?"

मी म्हटलं, "नाही हो. नवीन गाडी घेतली."